उसन्या हातांची तपासणी

अपघाताच्या जागी जो मोठ्याने ओरडत असतो, त्याच्याकडे मी आधी जात नाही. लोकांना हे फार चुकीचं वाटतं. "अहो, तो पाहा ना कसा बोंबलून राहिला, तुम्ही तिकडे कुठे चालले?" असं म्हणून कितीतरी जणांनी माझी बाही ओढली आहे. पण ओरडणाऱ्याचा श्वास चालू आहे, तो शुद्धीवर आहे आणि आपल्याला काय झालं हे सांगायला समर्थ आहे, इतकं त्याच्या ओरडण्यावरूनच कळतं. जो काहीच बोलत नाही, त्याच्याकडे आधी जावं लागतं. आणि कधीकधी जो फारच बोलतो, त्याच्याकडे.

लाखनीच्या आसपास महामार्गावर उभ्या असणाऱ्या एका रुग्णवाहिकेत मी बरीच वर्षं मदतनीस होतो. डॉक्टर नव्हतो. लोक डाक्टरसाहेब म्हणत. सुरुवातीला मी दुरुस्ती करायचो, नंतर सोडून दिली, कारण दुरुस्तीत वेळ जातो. गोंदिया वेगळा झाला तसा आमचा भंडारा जिल्हा लहान झाला, पण रस्ता रुंद झाला आणि ट्रक वाढले. त्यामुळे आम्हाला कामाची कमतरता पडली नाही. गाडी सुखदेव चालवायचा. तो गप्पिष्ट, मी शिस्तीचा. कात्री डाव्या खिशात, हातमोजे उजव्या, पट्ट्यांच्या पेटीत सगळ्यांत वर जे सगळ्यांत जास्त लागतं ते. सुखदेव म्हणायचा, "भाऊ, तुमच्या बायकोनं मसाल्याचा डब्बा हलवला तं तुम्ही उपाशी राहाल." खोटं नव्हतं.

आमच्या कामाचे दोन भाग असतात. पहिला सगळ्यांना ठाऊक असतो: श्वास चालतो का, रक्त वाहतं आहे का, माणूस हाकेला ओ देतो का. जीव लगेच जाईल अशी गोष्ट आधी थांबवायची. दुसरा भाग बाहेरच्यांना दिसतच नाही, आणि दिसला तर वेळकाढूपणा वाटतो. जखमीला डोक्याच्या केसांपासून पायाच्या बोटांपर्यंत दोन्ही हातांनी हळूहळू चाचपत जायचं. दोन्ही हात एकाच वेळी, दोन्ही बाजूंना, म्हणजे डावी बाजू उजवीशी ताडून पाहता येते. प्रत्येक ठिकाणी थांबायचं, दुखतं का विचारायचं, जखमीचा चेहरा पाहायचा आणि आपल्या हातमोज्यांना रक्त लागलं का ते बघायचं. कारण माणसाला एका वेळी एकच दुखणं कळतं, सगळ्यांत मोठं. बाकीची त्याच्या मागे रांगेत उभी असतात.

वरठीच्या एका कामगाराचं उदाहरण मी नेहमी देतो. ड्युटीवर जाताना मोटारसायकल घसरली. गुडघा सोलला होता आणि चार जण त्या गुडघ्याभोवती गमछा बांधत होते. मी डोक्यापासून सुरुवात केली. तो चिडला. "गुडघा खाली हाय, साहेब! तुम्ही केसात काय शोधून राहिले?" केसांत काही नव्हतं. मानेला काही नव्हतं. गळ्याखालच्या हाडावर बोट गेलं आणि तो किंचाळला. हाड मोडलं होतं. पण त्याची पक्की समजूत अशी झाली की ते मी मोडलं. दवाखान्यात भाऊ आला तेव्हा त्याला सांगत होता, "गुडघाच लागला होता रे मले. मग यानं हात लावला." तो भाऊ माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला. या कामात आभार कमी मिळतात, ते असे.

एका गोष्टीपुढे मात्र माझी शिस्त अडायची. जखमी बाई असेल तर मी तिच्या अंगाला हात कसा लावणार? गाडीत आम्ही दोघंही पुरुष. कायद्याची, नियमाची अडचण नव्हती. जीवावर बेतलं असेल तर मी विचारत बसलो नाही. पण शुद्धीवर असलेली, भोवती गावकरी उभे असलेली बाई अंग चोरून घेते, आणि अंग चोरलेल्या माणसाचं पोट तपासता येत नाही. दुखत असलं तरी ती "नाई" म्हणते. म्हणून मी एक रीत बसवली. गर्दीतली एक शांत डोक्याची बाई निवडायची. तिचे हात, माझे प्रश्न. मी पाठीमागे किंवा बाजूला बसून सांगायचं, तिने चाचपायचं, आणि काय लागलं ते मला सांगायचं. सुखदेव याला उसने हात म्हणायचा.

आता जे सांगायचं आहे ते या उसन्या हातांबद्दलच आहे.

रोवणीचे दिवस होते. आमच्याकडे भाताच्या लावणीला रोवणी म्हणतात आणि ती गुत्त्याने घेतात, म्हणजे बायांची टोळी अमुक इतक्या बांध्या, बांध घातलेले शेताचे तुकडे, रोवून देते आणि ठरलेले पैसे वाटून घेते. टोळीची एक म्होरकी असते. कौसल्याबाई अशीच म्होरकी होती, साठीच्या अलीकडची, हाडापेराने मोठी. ती टोळी काम आटोपून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून परत येत होती. महामार्गावरून गावाच्या रस्त्याला वळताना मोरीजवळ ट्रॉली कलंडली. आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं, पण उजेड चांगला होता.

बाया शेतातल्या चिखलात पडल्या म्हणून वाचल्या. गावकऱ्यांनी त्यांना ओढून रस्त्याच्या कडेला बसवलं होतं आणि जो तो पाणी पाजत होता. एकीचा हात कोपराखाली मोडला होता, ती ओरडत होती. एकीच्या डोक्याला खोक पडली होती, रक्त पुष्कळ, पण दाबल्यावर थांबलं. बाकीच्यांना मुका मार. पहिला भाग लवकर आटोपला.

कौसल्याबाई किलोमीटरच्या दगडाला टेकून बसली होती. साडीवर पुरुषाचा जुना शर्ट, तोंडापासून पायापर्यंत चिखल, कमरेला जुन्या लुगड्याचा पट्टा. आणि आवाज असा की महामार्गावरचे ट्रक ऐकू येऊ नयेत.

"सुमन कुठं हाय? हाय का? बस तिथं. अवं वैशाले, डब्बे पाह्य सगळ्यांचे! माहा स्टीलचा डब्बा दिसून नाई राहिला."

वैशाली तिची सून. ओठ सुजला होता, बाकी धड होती. ती चिखलात डबे शोधत होती.

मी कौसल्याबाईजवळ बसलो. "मावशी, तुम्हाला कुठे लागलं?"

"मले नाई लागलं. माह्या डब्ब्याले लागलं."

"दुखतं का कुठे?"

"पोरींले पाह्य बाबू आधी. मी म्हातारी, माहं काय पाह्यतं?"

मी उठणार होतो. खरोखरच तिच्यापेक्षा मोडलेला हात घाईचा दिसत होता. तेवढ्यात वैशाली डबा घेऊन आली. डबा चेपला होता. कौसल्याबाईने तो घेतला, उलटापालटा केला आणि ट्रॅक्टरवाल्याच्या नावाने शिव्यांची लड सुरू केली. भोवतीच्या बाया एवढ्या रडारडीतही हसल्या. वैशाली हसली नाही. ती माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, आत्याबाई बसून शिव्या नाई देत कधी. उठून, समोर जाऊन देते."

मी पुन्हा पाहिलं. आल्यापासून ही बाई सगळ्यांना कामाला लावत होती आणि स्वतः जागची हलली नव्हती. पाय सरळ पसरलेले, दोन्ही हात जमिनीवर टेकवलेले. डबा सुद्धा तिने मागवून घेतला होता.

"मावशी, एकदा तपासून घेऊ," मी म्हणालो आणि हातमोजे बदलले.

"हात नोको लावू! एवढ्या माणसाइत?"

"मी नाही लावत. ही लावेल." मी वैशालीकडे बोट दाखवलं.

"हे?" कौसल्याबाईने सुनेला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हिले सरळ ओळ रोवता येत नाई. हे मले तपासन?"

"आत्याबाई, चूप राहा जरा," वैशाली म्हणाली.

भोवतीचं हसणं थांबलं. त्या टोळीत हे वाक्य पहिल्यांदाच बोललं गेलं असावं. कौसल्याबाई इतकी चकित झाली की खरोखर चूप बसली. मी त्या संधीचा फायदा घेतला. सुखदेवने गर्दीतल्या पुरुषांना पाठ फिरवून उभं केलं, टोळीतल्या दोघींनी लुगड्याचा आडोसा धरला. मी वैशालीचे हात पाण्याने स्वच्छ धुवायला लावले आणि हातमोजे दिले. तिला कारण कळेना. चिखलात रक्त दिसत नाही, हे तिला सांगितलं. प्रत्येक ठिकाणी हात लावल्यावर बोटं धुवायची आणि पाणी तांबडं येतं का ते पाहायचं, असं ठरवलं. चिखलातल्या माणसाची तपासणी अशीच करावी लागते.

"डोकं. केसांत बोटं घाल, हळू. टेंगूळ? ओलं?"

"नाई."

"मान, मागून. मावशी, मान हलवू नका, तोंडाने सांगा."

"दुखत नाई. हिचे हात थंडे हायेत."

"खांद्याची हाडं, दोन्हीकडची एकदम. आता बरगड्या. मावशी, मोठा श्वास घ्या."

श्वास तिने घेतला, पण अर्धाच. मला वाटलं बरगडी असेल. वैशालीने बरगडीवर हात ठेवला तर काही नाही. पोटाला हात लावला, तिने मऊ आहे म्हणून सांगितलं, पण खालच्या बाजूला तिचा हात गेला तशी कौसल्याबाईच्या चेहऱ्यावरची रेघ बदलली. "दुखतं?" "नाई." ते "नाई" मला ओळखीचं होतं.

इथवर आलो आणि शांताबाई नावाची टोळीतलीच तिची शेजारीण आडोशातून आत घुसली. "अवं, तिची कमर तं मोकळी करा! किती कसून बांधली हाय. जीव घाबरून राहिला असन बिचारीचा." आणि तिने कमरेच्या पट्ट्याच्या गाठीला हात घातला.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. रोवणीला दिवसभर कमरेत वाकून राहावं लागतं, म्हणून बाया जुन्या लुगड्याचा पट्टा कमरेला कसतात. त्याने पाठीला आधार मिळतो. बांधीत उतरण्याआधी त्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, रांगेने उभ्या राहून एकमेकींचा पट्टा बांधतात, कारण स्वतःचा स्वतःला तितका कसता येत नाही. आणि जखमी माणसाचे घट्ट कपडे सैल करावेत, हे प्रथमोपचाराच्या प्रत्येक पुस्तिकेत असतं. मीही शिकवत आलो होतो. शांताबाई जे करत होती ते चूक आहे, असं मला त्या क्षणी मुळीच वाटलं नाही.

वैशालीने शांताबाईचं मनगट धरलं.

"थांबा काकू. हे गाठ माही नाई."

"म्हणजे?" मी विचारलं.

"आत्याबाईचा पट्टा रोज सकाळी मीच बांधतो. मागं बांधतो. वर, इथं." तिने स्वतःच्या कमरेवर दाखवलं. "हा खाली हाय, पुठ्ठ्यावर." तिचा हात कुल्ल्यावर उतरला. "अन् गाठ समोर हाय."

मी कौसल्याबाईला विचारलं, "मावशी, गाठ तुम्ही बांधली?"

"मंग कोण बांधन?"

"कधी?"

"पडल्यावर." मग पहिल्यांदाच हळू आवाजात, "कमर दोन भाग झाल्यावानी वाटली रे बाबू. उठाले गेली तं उठणंच होईना. पट्टा खाली घेतला, कसला, तं बरं वाटलं."

मी ओरडलो. मी कामावर ओरडत नाही, सुखदेवही वळून पाहायला लागला. "गाठ सोडू नका! कोणीही हात लावू नका त्या गाठीला!"

कमरेचं हाड, म्हणजे दोन्ही कुल्ल्यांची मिळून जी कडी असते ती, मोडली की आतल्या आत रक्त वाहतं. बाहेर थेंब दिसत नाही. त्यावर वाटेत करता येण्यासारखा एकच इलाज: कुल्ल्यांभोवती रुंद पट्टा घट्ट बांधायचा, म्हणजे मोडलेली कडी मिटलेली राहते. त्यासाठी खास पट्टे मिळतात. आमच्या गाडीत तो नव्हता. कौसल्याबाईने पुस्तिका न वाचता, दुखलं की कमर कसायची या रोवणीच्या सवयीने, तो जागच्या जागी बांधला होता. गाठ सुटली असती तर काय झालं असतं, हे मी नंतर पुष्कळदा मनात मांडून पाहिलं आणि मांडणं बंद केलं.

पूर्वी शिकवायचे की कमरेची हाडं दोन्ही बाजूंनी दाबून पाहा, हलतात का. पुढे ते बंद झालं, कारण दाबण्यानेच नुकसान होतं. मी दाबू दिलं नाही. मनगटावर स्वतः बोट ठेवलं. एवढ्याला तिने हरकत घेतली नाही. नाडी बारीक आणि पळती होती. नखं पुसून पाहिली, पांढरी. चिखलाच्या मुखवट्याखाली ती केव्हापासून फिकी पडत चालली होती कोणास ठाऊक.

मग सगळं भराभर. गावकऱ्यांना तिला नेहमीसारखं हातापायांना धरून उचलायचं होतं. "आम्ही टाकतो ना गाडीत, साहेब, एका मिनिटाचं काम!" त्यांना बाजूला केलं. तिला आडवं केलं, दोन्ही गुडघे वैशालीने डोक्याला बांधलेल्या ओढणीने एकत्र बांधले, दोन भागांत उघडणारं स्ट्रेचर दोन्हीकडून अंगाखाली सरकवलं. मोडलेल्या हाताला फळी बांधून ती बाई सुखदेवच्या शेजारी पुढे बसवली. डोक्याच्या खोकेसाठी दुसरी गाडी निघाली होती. भंडाऱ्याला फोन केला: कमरेचं हाड, आत रक्तस्राव, रक्ताची सोय ठेवा.

गाडीत ऑक्सिजन लावला. कौसल्याबाईने पाणी मागितलं. देता येत नव्हतं, पोटात पाणी असलं की भूल देताना धोका असतो. वैशालीने ओला कापूस ओठांवर फिरवला. कौसल्याबाई म्हणाली, "सुनेनं पाणी नाई दिलं, लिहून ठेव बाबू." पण आवाजातला जोर गेला होता.

आमच्या कामात दुसरी तपासणी एकदाच करून संपत नाही. ती पुन्हा पुन्हा करायची. श्वास, नाडी, रंग, आणि बोलणं. बोलणं सगळ्यांत महत्त्वाचं, कारण मेंदूला रक्त कमी पडलं की आधी ते तुटतं. मी वैशालीला म्हणालो, "बोलत राहा यांच्याशी. काहीही बोल. झोपू देऊ नको."

ती गोंधळली. लग्नाला किती वर्षं झाली होती मला माहीत नाही, पण सासूशी काहीही बोलायची तिला सवय नव्हती, एवढं दिसत होतं. ती कशीबशी म्हणाली, "आत्याबाई, बरं वाटून राहिलं का?" उत्तर नाही. "आत्याबाई?" पापण्या मिटत होत्या. मी नाडीवरचं बोट दाबलं. नाडी आणखी बारीक झाली होती.

मग वैशाली वाकली आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली, "तुमच्याच ओळी वाकड्या असतात. आज सुमनच्या बांधीत तुमची ओळ पाह्यली मी. बेडूक चालल्यावानी गेली होती."

कौसल्याबाईचे डोळे उघडले.

"काय म्हणते?"

"वाकडी. सगळ्या बाया हसत होत्या."

"कोण हसत होती? नाव सांग."

"शांताकाकू."

"शांते..." आणि मास्कच्या आतून शांताबाईच्या रोवणीचा, स्वयंपाकाचा आणि माहेरचा उद्धार सुरू झाला. तो सलग नव्हता. मध्ये तुटायचा. तुटला की वैशाली नवं काहीतरी काढायची: भाजी खारट होती, शेळी तुमच्यामुळे पळाली, तुमच्या लेकाला तुम्हीच बिघडवलं. सांगताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज भांडणाचा होता. सुखदेव पुढून म्हणाला, "भाऊ, मागं सगळं ठीक हाय ना?" मी म्हणालो, "भांडतायत. चालव."

दवाखान्याच्या दारात मी डॉक्टरांना पहिलं वाक्य पट्ट्याबद्दल सांगितलं. त्यांनी तो तपासला, माझ्याकडे पाहिलं आणि शस्त्रक्रियेची तयारी होईपर्यंत तसाच ठेवला. पुढे तिला नागपूरला हलवलं. आम्ही गाडी धुऊन लाखनीला परत आलो. या नोकरीतली मला न आवडणारी गोष्ट हीच: आपण माणूस दारात सोडतो आणि दार बंद होतं. पुढचं कळत नाही. विचारायला गेलं तर आपण त्यांचे कोणी नसतो.

हिचं कळलं, कारण उन्हाळ्यात त्याच गावच्या बायांनी मला प्रथमोपचार शिकवायला बोलावलं. तोवर मी गाडीवरचं काम कमी करून गावोगाव हेच शिकवत फिरायला लागलो होतो. समाजमंदिरात सतरंजी टाकली होती. कौसल्याबाई भिंतीला टेकून खुर्चीवर होती, हातात काठी. आता ती बांधीत उतरत नाही. धुऱ्यावर बसून ओरडते. टोळी वैशाली चालवते. पाय आखूड पडला आहे, वाकता येत नाही. जीव वाचला म्हणून सगळं परत मिळालं, असं नसतं. मला पाहताच ती म्हणाली, "लुगड्याचा पट्टा कापला तुह्या डाक्टरनं. जुना होता, पण मऊ होता."

प्रात्यक्षिकासाठी जखमी कोण होणार, असं विचारल्यावर वैशाली सतरंजीवर आडवी झाली. तपासणार कोण? बाया एकमेकींना ढकलत होत्या. काठी वाजली. कौसल्याबाई उठली, कोणाचाही हात न घेता सतरंजीपर्यंत आली आणि मोठ्या कष्टाने सुनेजवळ खाली बसली. वैशाली उन्हाळी धानाच्या कामावरून सरळ आली होती, पट्टा अजून कमरेला होता. कौसल्याबाईने सरळ त्या पट्ट्याला हात घातला आणि गाठ कुठे आहे ते चाचपलं.

"मावशी, डोक्यापासून सुरुवात करायची असते," मी म्हणालो. हा क्रम मी आजवर कोणालाही मोडू दिलेला नव्हता, शिकाऊ डॉक्टरांनासुद्धा नाही.

"तुही तपासणी डोक्यापासून," ती म्हणाली. "माही इथून."

वैशाली डोळे मिटून पडली होती. तिला गुदगुल्या होत होत्या आणि जखमीने हसायचं नसतं म्हणून तिने ओठ दाबून धरले होते. कौसल्याबाईने गाठ तपासली, ओढून पाहिली, मागे आहे याची खात्री केली आणि मग डोक्याकडे वळली.

"आता केसं पाह्यतो," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "हलू नोको वं."

मी बाजूला सरकलो आणि तिला करू दिलं.